सुपडू नानांची खुर्ची

सुपडू नाना कुणालाही भेटले की आधी वजन विचारतात. नाव नंतर, आठवलं तर.

"वजन कितलं शे तुमनं?"

समोरचा बिचकतो. मग नाना त्याला वरपासून खालपर्यंत एकदा बघतात आणि आकडा स्वतःच सांगून टाकतात. आमच्या गटात नाना धरून अकरा जण आहेत. उरलेल्या दहांची वजनं त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितली. मी नंतर एकेकाला बाजूला घेऊन पडताळणी केली. नऊ बरोबर निघाली. दहाव्या बाईंनी मला खरा आकडा सांगितला असेल, याची खात्री नाही.

हा गट नाचाचा आहे. धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या कॉलनीच्या सभागृहात श्वेता नावाची मुलगी रविवारी आणि बुधवारी आधुनिक नाच शिकवते. ती पुण्याला शिकून आली. वयाची अट नाही, आधी नाचलेलं असायचीही अट नाही. माझं वय बावन्न. लग्नाच्या वरातीतसुद्धा मी पिशव्या सांभाळत उभा राहणारा माणूस. बायकोने परस्पर नाव दिलं म्हणून गेलो.

या नाचात ठुमके नसतात. फरशीवर लोळायचं, घसरायचं, एकमेकांच्या पाठीवर भार टाकायचा. श्वेता सारखी म्हणे, "काका, वजन सोडा. धरून ठेवू नका." इतकी वर्षं सगळं धरून ठेवण्यात गेलेली, त्यामुळे मला ते जमेना.

नानांना मात्र वजनाचं सगळंच कळे. चोपड्याच्या बाजार समितीत ते मापाडी होते, म्हणजे आलेल्या मालाचं वजनमाप करणारे. पहिलं माप टाकताना मापाडी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. श्वेताने "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" म्हटलं की नाना खड्या आवाजात सुरू करत, "लाभ, दोन, तीन, चार!" तिने चार वेळा समजावलं. पाचव्या वेळी ती स्वतःच 'लाभ' म्हणाली आणि जीभ चावली. तेव्हापासून आमचा नाच 'लाभ'पासूनच सुरू होतो.

जोड्या पाडायच्या दिवशी नाना रांगेतून वजनं पुटपुटत चालत आले आणि माझ्यापाशी थांबले. "एकाहत्तर. हाऊ मना जोडीदार." मला जरा अभिमान वाटला. वाटलं, नानांना माझ्यात काहीतरी दिसलं असावं.

आमच्या वाट्याला एक उचल आली. मी खाली बसलेला, नानांनी मला उभं करायचं, पाव गिरकी घ्यायची आणि सोडून द्यायचं. नानांचं वय अडुसष्ट, पण पकड पक्की. फक्त एक भांडण रोज होई. सोडायच्या वेळी ते कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची पायाने ओढत आणि मला तिच्यावर अलगद टेकवत.

"नाना, या नाचात खुर्ची नाहीये," श्वेता म्हणे.

"मंग माणूस ठेवानं कोठे?"

"ठेवायचा नाही. सोडून द्यायचा. तो आपला आपण जाईल."

"आणि नही जाता उना त्याले तर?"

जाता न येणाऱ्या त्या माणसापुढे श्वेताने हात टेकले. खुर्ची राहिली.

तीन आठवड्यांनी नानांनी नवीनच टुमणं लावलं. "साहेब, दोन किलो कमी करा." मी रात्रीचा भात बंद केला. एकोणसत्तर झालो. पंधरा दिवसांनी, "आखो एक किलो कमी करा." मला वाटलं, माझ्या तब्येतीची काळजी. बायकोलाही नानांचं फार कौतुक वाटू लागलं.

एका रविवारी सराव संपल्यावर नाना म्हणाले, "साहेब, घर चाला. आज परीक्षा शे." कसली, ते सांगेनात. रिक्षाने आम्ही मोहाडीला त्यांच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत पलंगावर त्यांच्या बायको, सुमनअक्का. उजवी बाजू लुळी. शेजारी एक खुर्ची, आमच्या सभागृहात होती तशीच.

नानांनी उभ्या उभ्याच सांगितलं. आजारपणाच्या सुरुवातीला त्यांनी अक्कांना उचललं आणि त्या हातातून सुटल्या. तेव्हापासून अक्का त्यांना हात लावू देत नाहीत. शेजारची बाई सकाळ-संध्याकाळ येऊन उठवते, तेवढंच. मधल्या वेळी उठवायची पाळी येऊ नये म्हणून अक्का जेवणही तोडत चाललेल्या.

"आजारी पडनी तवय एकाहत्तर किलो व्हती," नाना म्हणाले. "आते अडुसष्ट."

मीही त्या दिवशी अडुसष्टच होतो.

"बस इथे," नाना मला म्हणाले. पहिल्यांदाच एकेरीत. मी अक्कांच्या पायाशी पलंगाच्या कडेवर बसलो आणि उजवी बाजू सैल सोडली. नाना वाकले. "लाभ." गुडघ्याला गुडघा. "दोन." हात खांद्यांच्या मागे. "तीन." मी वर आलो, पाव गिरकी, "चार," आणि खुर्चीत.

अक्का टक लावून बघत होत्या. नानांकडे नाही, माझ्याकडे.

"यास्नी तुमले कधी पाडं का?"

असल्या प्रश्नाला मी अंदाजे उत्तर देत नाही. "अक्का, चौदा सराव झाले. दरवेळी आठ उचली, म्हणजे एकशेबारा. आजची धरून एकशेतेरा. एकदाही नाही."

"मोजं तुम्ही?"

"मोजलं."

अक्कांनी डावा हात चादरीबाहेर काढून नानांच्या खांद्यावर ठेवला. "उचला. पण ते आकडे मोठ्याने म्हना."

नानांचा आवाज 'लाभ'ला फुटला. 'चार'पर्यंत मात्र ठीक झाला. अक्का खुर्चीत बसल्या आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. गल्लीत कुणाच्या तरी वाळवणावर बकरी चढली होती. अक्कांनी तिला मोठ्याने हाकललं.

पुढच्या रविवारी नाना सरावाला आले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले,

"साहेब, आते जरा जेवत जा. एक किलो वाढवा."

त्या रात्री मी दोनदा भात घेतला.