दीड वितीचा संगणक

अपूर्वाची प्रवेश परीक्षा संपली त्या संध्याकाळी आमच्या कर्वेनगरच्या घरात संगणक बांधण्याचा विषय रीतसर उपस्थित झाला. विकत घेण्याचा नव्हे, बांधण्याचा. गेम खेळणारी हल्लीची मुलं तयार संगणक घेत नाहीत. सुटे भाग आणतात आणि घरी स्क्रू पिळून जोडतात. अपूर्वा ही आमची एकुलती एक लेक. निकाल लागला की ती बाहेरगावी हॉस्टेलला जाणार हे ठरलेलं होतं. त्यामुळे तिची मागणी साधी होती. मधल्या सुट्टीत तिने आणि मी मिळून एक छोटा संगणक जोडायचा आणि दोघांनी खेळायचा एक गेम ती जायच्या आत पूर्ण करायचा.

"नंतर तू इथे, मी तिथे," ती म्हणाली. "बाबा, ही एकच सुट्टी आहे."

मी भारावून हो म्हणालो आणि त्याच दमात "पण नीट अभ्यास करून" असंही म्हणालो. पहिला शब्द बापाचा होता, पुढचे खरेदी विभागाचे. मी एका महाविद्यालयाच्या खरेदी विभागात अधीक्षक आहे. वस्तू न घेण्याचा मला दांडगा अनुभव आहे. आमच्याकडे पंख्याचा प्रस्ताव येतो तेव्हा उन्हाळा असतो आणि पंखा येतो तेव्हा मुलं स्वेटर घालून बसलेली असतात. पण पंखा चुकीचा आला असं म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही. चुकीची वस्तू वेळेवर आणणारे आमच्याकडे निलंबित होतात. योग्य वस्तू उशिरा आणणारे शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त होतात.

जागेचा प्रश्न पूर्णिमाने, म्हणजे माझ्या पत्नीने, उभ्या उभ्या निकालात काढला. टीव्ही आणि भिंत यांच्यामध्ये दीड वीत जागा होती. तिथे बसेल तो संगणक आणावा आणि मागची धूळ पुसायला तिचा हात जावा, एवढ्या दोनच अटी तिने घातल्या. अशा रीतीने आमचा संगणक छोटा असावा असं धोरण ठरलं. छोटा संगणक म्हणजे सोपा संगणक असा एक गैरसमज आहे, तो मलाही होता. मोठ्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, कुठलाही भाग ऐसपैस बसतो. छोट्या कॅबिनेटमध्ये एका खोलीत राहणाऱ्या तीन भावांसारखी परिस्थिती असते. ग्राफिक्स कार्डाने पाय पसरले की वीजपुरवठ्याच्या डब्याला आखडून बसावं लागतं, त्याला जागा दिली की प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरचं डोकं झाकणाला लागतं आणि कूलर ठेंगणा घेतला की प्रोसेसर तापतो.

इतक्या गुंतागुंतीचा निर्णय एका माणसाने घेणं पुण्यात अशिष्ट समजलं जातं. मी तो सकाळच्या टेकडीच्या मंडळासमोर ठेवला. आम्ही काही जण रोज टेकडी चढतो, उतरून इडली खातो आणि खाताना देशाचे प्रश्न सोडवतो. त्या दिवशी देशाला रजा देऊन माझा प्रश्न घेण्यात आला.

मंडळातले ज्येष्ठ म्हणजे तात्याराव. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. संगणकातलं त्यांना काहीही कळत नाही, पण ही गोष्ट त्यांनी कधी मतांच्या आड येऊ दिली नाही. कुठलीही रचना सर्वांत वाईट प्रसंग धरून करावी, असं त्यांनी बजावलं. म्हणजे मे महिना, दुपार, खिडक्या बंद, पंखा बंद आणि गेममध्ये लढाई चालू. दुसरे हिंदुराव. आमची सोसायटी जिथे आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरचा भाजीपाला व्हायचा. आता ते स्वतः इमारती बांधतात. त्यांनी कॅबिनेटचं चित्र मोबाइलवर मोठं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आवो, ह्ये तर आमच्याच धंद्याचं हाय," ते म्हणाले. "प्लॉट बारका आन् सामान दांडगं. साइड मार्जिन किती सोडलंय सांगा, म्हंजे मी सांगतो पास हुईल का न्हाई."

साइड मार्जिन, म्हणजे कडेची मोकळी जागा किती, ते मला माहीत नव्हतं. ते शोधायला मी अपूर्वाला घेऊन शनिवार पेठेत आफताबच्या दुकानी गेलो. आफताबच्या आजोबांनी तिथे रेडिओ दुरुस्त केले, वडिलांनी टीव्ही, आणि आता आफताब संगणकाचे सुटे भाग विकतो. दुकान घराण्याचं असलं की गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हेही वारशाने मिळतं. काय हवंय असं त्याने विचारल्यावर मी अजून अभ्यास चालू असल्याचं सांगितलं.

"मग अभ्यासिकेत बसा," आफताब म्हणाला. "दुकानात लोक घ्यायला येतात."

तरी त्याने सगळे भाग काढून दाखवले. अपूर्वाने पसंत केलेलं कार्ड त्या कॅबिनेटमध्ये बसत होतं. तीन मिलिमीटर शिल्लक राहत होते. अपूर्वा आनंदली. तिने कार्ड हातात घेऊन लहान बाळासारखं तोललंसुद्धा. मी तीन मिलिमीटर हा आकडा घेऊन टेकडीवर गेलो.

"तीन मिलिमीटर ही मोकळी जागा नव्हे, साईनाथराव," तात्याराव इडली खाली ठेवून म्हणाले. "ही श्रद्धा आहे."

यानंतर अभ्यासाला खोली आली. मी चपलांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून कॅबिनेटची हुबेहूब प्रतिकृती केली आणि दीड वितीत ठेवली. आत पुठ्ठ्याचा मदरबोर्ड, पुठ्ठ्याचं कार्ड आणि मसाल्याच्या रिकाम्या डबीचा कूलर बसवला. हवा कशी खेळते ते पाहण्यासाठी तात्यारावांच्या सूचनेनुसार आत उदबत्ती लावली. धूर वरून न निघता टीव्हीच्या मागे साचला. हा निष्कर्ष इतका गंभीर होता की टीव्ही तातडीने झोपायच्या खोलीत हलवण्यात आला. तरी हवा कोंडतच होती, म्हणून टीव्हीचं कपाट हलवलं. कपाट गेल्यावर धूर सोफ्याकडे वळला. सोफा हिंदुरावांनी माणसं पाठवून त्यांच्या साइट ऑफिसात ठेवून घेतला. पाहुणे आले की आम्ही चटईवर बसू लागलो आणि त्यांनी पुठ्ठ्यावर चहाचा कप ठेवला की पूर्णिमा पटकन उचलायची. तिथे ग्राफिक्स कार्ड आहे असं ती सांगायची. ती रोज त्या पुठ्ठ्यामागची धूळही पुसू लागली होती, आणि हात जातो असा शेरा तिने दिला होता.

एका संध्याकाळी अपूर्वा त्या रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभी राहिली. तिने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाहिलं.

"बाबा, आता इतकी जागा झालीये. मोठंच कॅबिनेट घेऊ ना. सगळं बसेल."

मी तिला समजावून सांगितलं की मोठ्या संगणकाला एवढ्या मोकळ्या जागेची गरजच नसते. आपला छोटा आहे म्हणूनच इतकी लागते. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. तिच्या वयात मी वडिलांकडे असं पाहिलं असतं तर कानाखाली बसली असती. पण मी आधुनिक बाप असल्यामुळे मी तिला फक्त आणखी एक व्हिडिओ पाठवला.

व्हिडिओंचं एक शास्त्र आहे. एक तज्ज्ञ एक भाग उत्तम असल्याचं सांगतो. दुसरा तज्ज्ञ पहिल्याने काय लपवलं ते सांगतो. तिसरा म्हणतो, दोन्ही घेऊ नका, नवं मॉडेल येतंय. नवं मॉडेल आलं की पहिला तज्ज्ञ पुन्हा व्हिडिओ काढतो आणि जुनंच बरं होतं म्हणतो. तोवर जुनं बंद झालेलं असतं. या चक्रात खरेदीला नेमकी जागा कुठे आहे हे मला आजही सापडलेलं नाही, पण चक्र समजून घेतल्याचं समाधान मोठं आहे. अपूर्वा सुरुवातीला माझ्या शेजारी बसून हे सगळं बघायची. मग ती बघता बघता मोबाइल चाळू लागली. मग ती आपल्या खोलीतून "काय ठरलं?" असं विचारू लागली, आणि नंतर विचारायची थांबली. माझ्या हे लक्षात आलं होतं. पण अभ्यासात एकाग्रता लागते.

निकाल लागला. नागपूरला प्रवेश मिळाला. बॅगा माळ्यावरून खाली आल्या. त्या शनिवारी अपूर्वा सकाळीच तयार होऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, आज जाऊ, जे असेल ते घेऊ, रात्री जोडू. गेम पूर्ण होणार नाही, पण सुरू तरी करू. पूर्णिमा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने माझ्या हातात स्कूटरची किल्ली दिली. मी निघालो. मी खरोखर घ्यायलाच निघालो होतो, हे इथे नमूद करणं आवश्यक आहे.

आफताबने एकेक डबा काउंटरवर मांडला. अपूर्वाला घरी जाईपर्यंत धीर धरवणार नाही म्हणून त्याने तिथेच जोडायला परवानगी दिली, नवा स्क्रूड्रायव्हर काढला आणि तो अपूर्वाच्या हातात ठेवला. तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली. पहिला स्क्रू तू पिळ, असं ती मला म्हणाली. मी हात पुढे केला आणि खिशात मोबाइल वाजला. टेकडीच्या मंडळाचा संदेश होता. हिंदुरावांच्या पुतण्याच्या मित्राला खात्रीलायक कळलं होतं की पुढच्या महिन्यात याच कार्डाची आखूड आवृत्ती येते आहे. तीन मिलिमीटरच्या जागी चक्क बोटभर जागा राहणार होती. खाली तात्यारावांनी लिहिलं होतं, 'थांबा.'

मी मोबाइल अपूर्वाला दाखवला. तिला आनंद होईल असं मला मनापासून वाटलं होतं.

"थांबू या," मी म्हणालो. "महिन्याचाच तर प्रश्न आहे."

"मी मंगळवारी जातेय, बाबा."

"संगणक कुठे पळून जातोय?"

तिने स्क्रूड्रायव्हर काउंटरवर ठेवला आणि आफताबला सॉरी म्हणाली. मग ती बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभी राहिली. आफताबने डबे पुन्हा फळीवर चढवले. एरवी त्याच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक टोमणा तयार असतो. त्या दिवशी त्याने तो मारला नाही, आणि त्याने तो मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी ती गेली. आखूड कार्ड पुढच्या महिन्यात आलं नाही, त्याच्या पुढच्या महिन्यात आलं. ते आल्यावर माझ्या हातात प्रथमच एक निर्दोष संगणक आला, म्हणजे त्याचा आराखडा आला. कुठेही तडजोड नव्हती. तात्यारावांनी त्याला मे महिन्याच्या दुपारसह मंजुरी दिली, हिंदुरावांनी साइड मार्जिनबद्दल पाठ थोपटली. ही बातमी द्यायला मी अपूर्वाला फोन केला. मागे बराच गोंगाट चालला होता. मी विचारलं, तर म्हणाली, मैत्रिणींनी कोणाकोणाचे जुने भाग जमवून एक संगणक जोडलाय, गेम चालू आहे.

माझ्यातला अधीक्षक जागा झाला. कॅबिनेट कुठलं आहे, असं मी विचारलं.

"कॅबिनेट नाहीये. सगळं खुर्चीवर ठेवलंय."

"खुर्चीवर? तापत नाही?"

"तापतं ना. मग आम्ही चहाला जातो."

मी तिला आपल्या गेमबद्दल विचारलं. आपला, असंच म्हणालो. तो गेल्याच आठवड्यात पूर्ण झाला असं तिने जपून सांगितलं. शेवट चांगला आहे, म्हणाली. मी छान म्हणालो आणि फोन ठेवून हॉलमध्ये चटईवर बसून राहिलो. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की पूर्णिमाने दोनदा जेवायला हाक मारली तरी मी उठलो नाही.

माणसाला दुःख झालं की त्याने स्वतःला कामात गुंतवून घ्यावं म्हणतात. माझा आराखडा टेकडीवरून सोसायटीत, सोसायटीतून कुठे कुठे गेला आणि लोक मला सल्ला विचारू लागले. छोट्या संगणकाच्या बाबतीत माझा शब्द आज शहरात अखेरचा मानतात. माझ्याकडे संगणक नाही, याने माझ्या निःपक्षपातीपणाला उलट वजनच आलं आहे. दर रविवारी आफताब मला दुकानात खुर्ची देतो आणि समोर स्टुलं मांडतो. त्याचाही यात तोटा नाही. माझ्याशी चर्चा करून उठलेला माणूस इतका थकलेला असतो की तो जाताना तयार लॅपटॉप घेऊन जातो, आणि त्यात आफताबला सुटणारी टक्केवारी सुट्या भागांपेक्षा बरी आहे.

गेल्या रविवारी तुम्हीही आला होतात. तुमचे प्रश्न चांगले होते. वाचून, पाहून, चार जणांना विचारून आला होतात. मी घाई आहे का म्हणून विचारलं, तर तुम्ही हसून नाही म्हणालात. तेवढ्यात तुमचा फोन वाजला. पलीकडचा आवाज लहान मुलाचा, बारीक होता, पण स्टुलांवरच्या सगळ्यांना ऐकू आला. अजून किती वेळ, एवढंच तो विचारत होता. तुम्ही पाच मिनिटांत येण्याचं कबूल केलंत, फोन काउंटरवर पालथा ठेवलात आणि स्टूल थोडं पुढे ओढून घेतलंत.