वस्तू क्रमांक दोन आणि तीन

अंतिम सामन्याच्या एकोणसाठाव्या मिनिटाला महिला हॉकी संघाच्या आघाडीच्या खेळाडूने गोल केला, देश जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी क्रीडा खात्याने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. 'सदर गोल ज्या स्टिकने करण्यात आला ती स्टिक प्रदर्शनार्थ दोन दिवसांकरिता स्मृतिदालनात जमा करावी,' असे पत्र निघाले. खेळाडूने आनंदाने स्टिक जमा केली. आनंदात माणूस काय काय करून बसतो!

या खेळाडूला संघात सगळ्या जणी खिळा म्हणत, नव्या मुली खिळाताई. गोलपोस्टच्या पलीकडच्या खांबाशी ती ठोकल्यासारखी उभी असे आणि सगळ्यांना चुकवून आलेला चेंडू अलगद आत ढकली. तिच्या एकशे बारा आंतरराष्ट्रीय गोलांपैकी नव्वद तरी त्या हातभर जागेतले होते. वय एकोणतीस, एक गुडघा शिवलेला. विश्वचषक चार महिन्यांवर होता आणि त्याची निवड चाचणी बारा दिवसांवर. हा आपला शेवटचा विश्वचषक हे तिला ठाऊक होते. गुडघ्याला तर ते तिच्याही आधी कळले होते.

तिसऱ्या दिवशी ती स्टिक आणायला गेली. काचेच्या पेटीत, पांढऱ्या मखमलीवर, स्टिक निवांत पडली होती. दालनप्रमुख साहेब रुमालाने काच पुसत होते.

"स्टिक आता मिळायची नाही," ते म्हणाले.

"दोन दिवसांसाठी म्हणाला होतात ना?"

"ते दोन दिवस ती स्टिक होती. काल समितीने तिला राष्ट्रीय ठेवा जाहीर केलंय."

"अहो, पण मला खेळायचंय तिने!"

"खेळलात तर झिजेल ना, ताई!" साहेब अगदी कळवळून म्हणाले.

खिळ्याकडे दुसरी स्टिक होती. हातात अजून रुळली नव्हती, पण चालली असती. ती निघालीच होती, तेवढ्यात साहेबांनी पाटीवर लिहायला म्हणून सहज विचारले, "गोल नेमका कोणत्या हाताने केलात?"

इथे ती खरे बोलली. "दोन्ही हातांनी. डावा वर असतो, तो स्टिक वळवतो. उजवा खाली, तो आधार देतो. आणि पास दिला होता आमच्या—"

"पासचा रकाना नाही," साहेब म्हणाले आणि बाकीचे लिहून घेतले.

दोन दिवसांनी घरी पत्र आले. चष्मा लावून आईने ते वाचले, पुन्हा वाचले आणि म्हणाली, "तुझे हात सरकारजमा झालेत गं."

पत्रात तसेच होते. वस्तू क्रमांक एक, स्टिक. वस्तू क्रमांक दोन, उजवा हात. वस्तू क्रमांक तीन, डावा हात. 'वस्तू क्रमांक दोन व तीन यांना जोडलेल्या महिलेने दररोज दहा ते पाच दालनात उपस्थित राहावे. वस्तूंचा खेळासाठी वापर केल्यास ठेव्याची हानी समजण्यात येईल.'

"कपडे पिळायला चालतात का, तेवढं विचारून ये," आई म्हणाली. मग पत्राची घडी घालता घालता तिने विचारले, "चाचणीचं काय करणार तू?"

चाचणीसाठी ना हरकत प्रमाणपत्र लागणार होते. खिळ्याने अर्ज लिहिला. तो परत आला, कारण सही वस्तू क्रमांक दोनने केली होती आणि त्याची पूर्वपरवानगी नव्हती. अंगठाही त्याच वस्तूचा भाग होता. शिवाय वस्तूला स्वतःसाठी अर्ज करता येत नाही, तो ताबाधारकाने करायचा असतो. ताबाधारक म्हणजे दालनप्रमुख साहेब. त्यांनी तिच्या वतीने स्वतःकडे अर्ज केला, स्वतःला दोन स्मरणपत्रे पाठवली आणि चाचणीच्या सकाळी तो अंशतः मंजूर केला. उपस्थितीस हरकत नाही, मात्र हात लावू नये.

मैदानाच्या कडेला खिळ्याला खुर्चीवर बसवून भोवती दोरी बांधण्यात आली. हातांवर पांढरे मोजे चढवले. निवड समितीतले एकेक गृहस्थ येऊन तिच्याबरोबर फोटो काढून गेले. प्रशिक्षक बाईंना मात्र राहवेना. "अगं, बसलीयेस काय? ऊठ की!" त्या मैदानातून ओरडल्या.

तेवढ्यात एक चेंडू सगळ्यांना चुकवून पलीकडच्या खांबाकडे निघाला. तो कुठे जाणार हे त्या मैदानात तिला एकटीलाच कळले होते. पत्रात हातांविषयी सगळे होते, पायांविषयी अवाक्षर नव्हते. खिळा दोरीवरून उडी मारून धावली, हात पाठीशी घट्ट बांधले आणि बुटाने चेंडू गोलात ढकलला.

पंचाने शिट्टी फुंकली. हॉकीत चेंडूला पाय लागणे म्हणजे चूक, हे शाळेतल्या पोरीलाही माहीत असते. समितीने नोंद केली: 'खेळाडूस दहा वर्षांच्या कारकिर्दीनंतरही मूलभूत नियमांचे ज्ञान नाही. निवडीचा प्रश्न उद्भवत नाही.' प्रशिक्षक बाईंनी डोळ्यांवरची टोपी आणखी खाली ओढली. खिळा परत येऊन खुर्चीवर बसली आणि रडली. मोज्यांना डाग पडले, म्हणून साहेबांनी ते बदलून दिले.

विश्वचषकाच्या दिवसांत दालनात मोठा टीव्ही लावला होता. उपांत्य सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, चेंडू समोरून सरपटत पलीकडच्या खांबाजवळून बाहेर गेला. तिथे कोणीच नव्हते. खुर्चीत खिळ्याचा पाय आपोआप पुढे सरकला. संघ हरला.

गर्दी हळहळली. मग एका काकूंनी वळून तिला चांगलेच फैलावर घेतले, "तुम्ही इथे काय करताय हो? देशाला गरज असताना आरामात बसलाय!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. अभिप्राय वहीत त्या दिवशी एकच सूर होता: ही असती, तर जिंकलो असतो. आणि वही मिटून लोक पुन्हा रांगेला लागले, कारण हरल्यानंतर लोकांचा उत्साह टिकावा म्हणून खात्याने एक सवलत जाहीर केली होती. कोणालाही स्टिक पेटीतून काढून, हातात धरून फोटो काढता येणार होता.

"मलाही?" खिळ्याने विचारले.

"तुम्ही सोडून," साहेब म्हणाले. "बाकीचे काही तिने खेळणार नाहीत."

तुमचा फोटो छान आलाय. स्टिक उलटी धरलीये, पण चेहऱ्यावर अभिमान दिसतोय. डाव्या कडेला एक खांदा अर्धा कापला गेलाय आणि पांढऱ्या मोज्यातली दोन बोटं दिसतायत, ती तिची. तुम्हीच तिला म्हणाला होतात, "ताई, जरा बाजूला व्हा."