पावाच्या गाडीचा सूर

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही थोडं पुढे सरका. गोष्ट एका खडखडाटाची आहे, पण सांगायची आहे हळू आवाजात. का, ते शेवटी कळेलच.

आपले जावईबापू रोपवाटिका चालवायचे. हाताला यश होतं, मन निर्मळ होतं, खोड एकच. कुठल्याही कामाआधी म्हणायचे, "त्यात काय एवढं?" आणि देव बिचारा वरून ऐकत असतो.

सासऱ्यांच्या अंगणात त्यांची जुनी पिकअप चाकं रुतवून उभी होती. एके काळी सासरे तिच्यातून घरोघरी पाव पोचवायचे. तिचा आवाज ऐकून गल्ली अंथरुणातून उठायची. जावईबापूंना ती रोपं वाहायला हवी होती. त्यांनी इंजिन खोललं, घासलं, पुसलं, सुरूही केलं. राहिला फक्त सायलेन्सर. जुना गंजून केव्हाच गळून पडला होता.

सासरे ओट्यावरच्या खुर्चीतून म्हणाले, "गाडी तुमची, जावईबापू. पण ती तिच्या जुन्या आवाजात बोलली पाहिजे. परक्या आवाजाची गाडी मला दारात नको. शनिवारी भंगारवाला येतोय, तो घेऊन जाईल."

"त्यात काय एवढं?" जावईबापू म्हणाले. "तुम्ही डोळे मिटून ऐका फक्त."

सायलेन्सरवाला आला. त्याने सुचवलं, एक नळी आणि मोठा डबा. शांत, सभ्य काम. बसवलं. सासरे डोळे मिटून बसले. बसूनच राहिले.

"करा की सुरू," ते शेवटी म्हणाले.

"सुरू आहे, बाबा."

"मग ही गाडी नव्हे, मांजर आहे. काढा."

दुसऱ्या दिवशी दोन नळ्या लावल्या आणि डबा अगदी नावापुरता. चावी फिरवली मात्र, ओट्यावरचे पत्रे थरथरले आणि झाडावरचे कावळे गाव सोडून गेले. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. "कुणाचं छप्पर कोसळलं हो?"

"कुणाचं नाही, बाई. सूर लावतोय."

"लावा, पण दुसऱ्या गावात."

सासऱ्यांनी मान हलवली. "ही ओरडते. माझी बोलायची. ठेक्यात बोलायची."

तिसऱ्या वेळी नळी मागे न नेता बाजूने, दाराखालून काढली. आता हे निवडताना नळीचं तोंड कुठे आहे ते पाहावं की नाही? जावईबापूंनी पाहिलं, गाडीच्या आतून. बाहेर समोर मास्तरीणबाईंची दोरी होती आणि दोरीवर पांढऱ्याशुभ्र चादरी. जावईबापूंनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाने पोटात साठवलेली सगळी काजळी एका दमात ओकली.

बाई कुंपणाशी आल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त भीतीदायक होतं. "एकदा मी धुतल्या," त्या म्हणाल्या. "आता तुमची पाळी."

अशा रीतीने शुक्रवारी आपले जावईबापू शेजारच्या मोरीत कोपरापर्यंत साबणात होते. सायलेन्सरवाल्याने दारातून डोकावून विचारलं, "चौथा प्रकार कधी बघायचा?"

"आधी तिसरी चादर होऊ दे रे बाबा."

सासूबाई जावयाची दया येऊन पिळायला आल्या. चादरीचं एक टोक त्यांच्या हाती, दुसरं जावईबापूंच्या. जावईबापू रडकुंडीला आले होते. "आई, उद्या गाडी भंगारात जाणार. ठेका, ठेका म्हणतात बाबा. इंजिनाला कुठला आलाय ठेका?"

सासूबाईंनी ओट्याकडे पाहिलं. सासरे घोरत होते.

"टाळ वाजल्यासारखा ना? खण्ण, खण्ण?"

"तोच म्हणतात."

"तो इंजिनाचा नव्हेच. नळीला भोक पडलं होतं. हे कुणाला गाडीला हात लावू द्यायचे नाहीत. मग मी यांची दुपारची झोप साधली आणि चहाच्या डब्याचं झाकण तारेने बांधून टाकलं. तार थोडी सैल राहिली. दुसऱ्या दिवशी हे छाती फुगवून घरी आले. म्हणाले, 'ऐकलंस? इंजिन सुरात लागलं.' आता अशा माणसाला काय सांगायचं?"

"आणि झाकण?"

"हे विचारतात, कुठे गेलं. मी म्हणते, शोधते."

शनिवारी भंगारवाला फाटकात उभा राहिला. जावईबापूंनी पहिलाच सभ्य डबा पुन्हा बसवला होता आणि त्याच्या पोटाशी, कुणाला दिसणार नाही असं, एक झाकण सैल तारेने बांधलं होतं. त्यांनी चावी धरली. "त्यात काय एवढं" काही तोंडून निघेना. गाडी सुरू झाली. खण्ण, खण्ण, खण्ण.

सासऱ्यांनी डोळे उघडलेच नाहीत. बोटं खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरू लागली.

"हीच," ते म्हणाले. "पाहिलंत, जावईबापू? सायलेन्सर कुठलाही लावा, इंजिन शेवटी इंजिन असतं."

"हो, बाबा," जावईबापू म्हणाले. चार दिवसांच्या मेहनतीचं श्रेय त्यांनी इंजिनाला देऊन टाकलं.

"मग मी जाऊ?" भंगारवाल्याने विचारलं.

"चहा घेऊन जा."

चहा आला. सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि कपात निरखून पाहिलं. "अगं, साखरेत मुंग्या झाल्यात. डब्याचं झाकण कुठे गेलं?"

"शोधते," सासूबाई म्हणाल्या.

तर मंडळी, ती रोपांची गाडी तुमच्या दारावरून गेली आणि म्हातारबोवा इंजिनाचं कौतुक सांगू लागले, तर वाद घालू नका. माना डोलवा, आणि आज ऐकलंत ते त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. फक्त मनातल्या मनात त्या माउलीची आठवण काढा, जिच्या घरात आता एकाही डब्याला झाकण नाही.