परत ये, नीट जा!

एव्हाबाईंकडे चहाला जाणं सोपं, तिथून निघणं महाकठीण. चपला घालून फाटकाशी पोचावं, तर मागून आरोळी यायची, "कट! काहून अशी पळून राहिली वं? परत ये, नीट जा!" मग मी निमूट आत यायची आणि पुन्हा जायची. एकदा पोस्टमननं बिचाऱ्यानं तीनदा जाऊन दाखवलं.

बाई हंगेरीच्या. आमच्या शेजारचे देशमुख इंजिनिअर तिकडे शिकायला गेले आणि लग्न करून यांना नागपुरात, आमच्या धंतोलीत घेऊन आले. मराठी त्या शिकल्या दारावर संत्री विकणाऱ्या सखूबाईकडून. त्यामुळे डोळे निळे आणि बोलणं अस्सल नागपुरी.

माहेरी त्या सिनेमा शिकल्या होत्या. इथे शेतकऱ्यांसाठी सरकारी लघुपट लिहायच्या आणि काढायच्या. संत्र्यावरच्या अळीचा लघुपट काढताना म्हणाल्या, "अळीलेबी माय असते." झालं! सावनेरला लघुपट दाखवला, तर बायाबापड्यांनी अळीसाठी डोळे पुसले, आणि खात्याच्या साहेबांनी बाईंकडे लेखी खुलासा मागितला.

जीव मात्र त्यांच्या स्वतःच्या एका गोष्टीत अडकला होता. मुलगी लग्न करून परदेशी निघते, स्टेशनवर आई निरोप देते. एवढा एकच सीन बाई दहा वर्षं लिहून फाडत होत्या. शेवटी उरलीसुरली फिल्म जमवून त्यांनी तो सावनेरच्या स्टेशनवर घ्यायचं ठरवलं. मुलगी मी, आई सखूबाई.

मी म्हटलं, "आई, जाते."

सखूबाईनं माझा हात सोडला. "जाते नाही म्हनत वं पोरी. येते म्हन."

"कट!"

पाच वेळा हेच. फिल्म संपत आली तशा बाई भडकल्या. "सखू, तिले जायचंच आहे! ते पुन्हा येनार नाही!"

"जाऊ द्या न बाई. पन येते म्हनूनच जाऊ द्या. मायले तेवढं तर ठेवाव लागते."

बाईंनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला. मग हळूच म्हणाल्या, "मी जाते म्हटलं होतं." त्यांची आई दोन वर्षांनी वारली, तेव्हा त्यांना जाता आलं नव्हतं. हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं फाटकातून परत बोलावल्याचा मी राग राग केला होता, त्याची मला लाज वाटली.

त्यांनी पेन्सिलीनं एक शब्द खोडला. मी "आई, येते" म्हटलं. सखूबाई म्हणाली, "ये माय." सीन एका दमात झाला.

पुढे माझं लग्न ठरलं पुण्याला. निघायच्या दिवशी बाईंच्या पाया पडले, "येते" म्हटलं आणि फाटकाशी सवयीनं थांबले. आरोळी आली नाही. वळून पाहिलं, तर बाई दारात पदर तोंडाशी धरून उभ्या.

"नीट झालं?" मी विचारलं.

"झालं वं. ये."

मग मीच परत गेले. म्हटलं, "मला नाही वाटत. आणखी एकदा घेऊ."