शेगडीचे सहाशे टक्के

नवेगाव बांधच्या बसस्टॉपवर ललिता सात वर्षं तर्री-पोह्यांचा गाडा लावत होती, आणि सातही वर्षं उघड्यावर. मार्च लागला की तर्रीच्या आधी तीच उकळायची. "पुढच्या साली शेड टाकतो," असं नवरा ताराचंद दरवर्षी न चुकता म्हणायचा. यंदा गोंदियाच्या राइस मिलमध्ये मुनीम असलेला तिचा धाकटा भाऊ लोकेश पन्नास हजार घालून भागीदार व्हायला तयार झाला. ललितानं नवऱ्याला बजावलं, "नीट बोला जी. माहं छप्पर हाय त्या पैशात."

लोकेशची अट एकच होती. भांडवलावर किती टक्के सुटतात, ते कागदावर दाखवा.

ताराचंद पूर्वी धान खरेदी केंद्रावर कारकून होता, त्यामुळे कागद म्हटला की त्याच्या हाताला खाज सुटायची. वर्षाचा नफा चोवीस हजार. गाडा बहात्तर हजारांचा, पितळी गंज आणि भांडी वीस, शेगडी चार. एकूण शहाण्णव. परतावा पंचवीस टक्के. अहो, चांगला होता की! पण ताराचंदला तो फार बारका दिसला. नफा वाढवायला राबावं लागतं. भांडवल कमी करायला नुसती रेघ मारली की झालं. त्यानं रेघा मारल्या.

रविवारी लोकेशनं कागद पाहिला आणि चहा तसाच खाली ठेवला.

"सहाशे टक्के? भाऊजी, भांडवलात काय काय धरलं?"

"शेगडी. चार हजार."

"अन् गाडा?"

"तो तुह्या बापानं देल्ला. माहे पैसे कुठं लागले?"

"गंज, भांडी?"

"ते बी तुमच्याच घरचे. फुकटचे."

"अन् ताई? पहाटे चारपासून राबून राहिली ते?"

आता इथं तरी माणसानं गप्प बसावं की नाही? पण सहाशेचा आकडा डोक्यात गेला होता.

"ती घरचीच हाय गा! तिचं काय धरा लागते?"

दाराशी ललिता विळीवर कांदे चिरत होती. तिचा हात थांबला.

लोकेशनं कागद घडी घालून खिशात टाकला. "मंग चार हजारांच्या धंद्याले माहे पन्नास कायले पायजे? नवी शेगडी मीच घेतो. बाकीच्यात शेड टाकतो."

पंधरा दिवसांत रस्त्यापलीकडे लोकेशची शेड उभी राहिली. त्या सकाळी ललितानं गाडा ढकलत बाहेर काढला. ताराचंद आडवा आला, तर म्हणाली, "फुकटचं सामान नेऊन राहिली जी. तुमच्या कागदावर नाही ना ते?"

आता रस्त्याच्या अलीकडे भर उन्हात ताराचंद, आणि समोर त्याचं सगळं भांडवल, चार हजारांची शेगडी. गिऱ्हाईक एक नाही. पलीकडे सावलीत माणसं पोह्यांसाठी उभी. त्याला फार वाईट वाटलं. सात वर्षांत आपण तिला एक पत्रा दिला नाही, आणि वर कागदावरूनही खोडली!

प्लेटा मोजत लोकेश ओरडला, "भाऊजी, पंचवीस टक्के सांगतले असते तरी देल्ले असते! बँक मले सातच देते."

हे ऐकून तर त्याला रडूच आलं. तेवढ्यात ललितानं हाक मारली, "उन्हात काऊन बसले? या इकडं. प्लेटा धुवा लागतीन."

ताराचंद शेगडी उचलून लगबगीनं रस्ता ओलांडून गेला. बाह्या वर सारल्या. पण कारकुनाची जात, तोंडातून निघालंच, "अन् माहा पगार?"

ललितानं त्याच्यासमोर खरकट्या प्लेटांची चळत ठेवली.

"तुमी घरचेच हाय जी! तुमचं काय धरा लागते?"