ही गती अशीच राहिली तर

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही असतील. माफ करा. चौथीनंतर पेन हातात घेतलं ते किराण्याच्या यादीपुरतंच. पण दामूकाकांबद्दल तोंडानं सांगायला गेले की निम्मं राहून जातं, म्हणून लिहिते.

दामूकाका आमचे भाडेकरू. पुढची खोली पाहायला आले, तेव्हा चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, वर्षभरात या घरात जन्म किती, मृत्यू किती?"

माझ्या हातातला पाण्याचा तांब्याच पडला. असं कोणी विचारतं का? "एकही नाही," मी कसंबसं म्हणाले.

"छान. स्थिर घर आहे," असं म्हणून त्यांनी खोली घेतली. नळाला पाणी येतं का, हेसुद्धा पाहिलं नाही.

त्यांची सगळी नोकरी सरकारी पाहणीत गेली. घरोघर जायचं आणि विचारायचं, माणसं किती, कमावतं कोण, महिन्यात तेल किती लागलं. निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. जेवण माझ्याकडेच. एक तारखेला जेवणाचे दोन हजार रुपये मोजून माझ्या हातावर ठेवायचे आणि मलाही मोजायला लावायचे.

मोजण्याची सवय मात्र निवृत्त झाली नाही. सहा महिन्यांत माझ्या हातून दोन कप फुटले. काकांनी कॅलेंडरच्या मागे रेघा ओढल्या. "आठ होते, सहा उरले. ही गती अशीच राहिली तर दीड वर्षात तुम्ही चहा पेल्यात पिणार!"

मी हादरलेच. त्यानंतर कितीतरी दिवस कप दोन्ही हातांनी धरत होते.

आमची सायली सातवीत. तिची उंची भिंतीवर मांडून ते म्हणाले, "ही गती अशीच राहिली तर हिच्या लग्नात मांडव वाढवून बांधावा लागेल."

आमचे हे ओझरहून कामावरून नुकतेच आले होते. "अहो काका, पोरगी वाढायची थांबते की कधीतरी!"

"थांबते ना. म्हणून तर 'राहिली तर' म्हणतो. देशाचा पुढचा आकडा काढतात तोही असाच. त्यातला 'तर' विसरला की माणूस ज्योतिषी होतो."

मला खरा धक्का बसला तो एकदा पोळ्या लाटताना. मी विचारलं, "काका, देशाचे आकडे काढता, मग आमच्याकडे तेल किती लागतं हे कोणी कधी विचारलं नाही ते?"

"सगळ्यांना कुठं विचारतात? तुमच्यासारखं एक घर निवडतात. ते तुमच्या वतीनं बोलतं."

लाटणं तसंच राहिलं. म्हणजे कुठंतरी एक बाई आहे, मी तिला पाहिलेलं नाही, आणि ती माझं तेल सांगते! "ती खोटं बोलली तर?"

काका हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ती खरं बोलते, ताई. चूक आमच्या कागदात होते."

मग त्यांनी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची म्हातारी सांगितली. घरात एकटीच होती. माणसं किती विचारल्यावर म्हणाली, "सात हायती." बाकीचे सहा आधी द्राक्षांच्या कामाला पिंपळगावला गेलेले, तिथून परस्पर वीटभट्टीवर. इतके महिने घरात नसलेला माणूस धरायचा नाही असा नियम. काकांनी लिहिलं, एक.

"तिनं विचारलं, किती लिवलंस? मी सांगितलं. तर म्हणाली, आरं, माझी सहा माणसं कुठं टाकलीस?" काका ताटाकडे बघत राहिले. "नियम बरोबर होता, ताई. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही."

आणि परवा, दोन तारखेला, जनगणनेची मोजणी आमच्याच दारात आली. शाळेतल्या एक बाई मोबाइल घेऊन. काका सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसले होते.

"एका चुलीवर जेवणारी माणसं किती?" बाईंनी मला विचारलं.

परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. तरी म्हणाले, "चार."

"चूक!" काका खुर्चीतून उठलेच. "इथं तीन. माझं कुटुंब वेगळं लिहा. माणसं, एक."

"पण काका, तुम्ही जेवता तर इथंच," मी म्हणाले.

"पैसे देऊन जेवतो. खाणावळीतलं गिऱ्हाईक कुटुंबात धरत नाहीत. नियम आहे." एवढं बोलून ते खाली बसले आणि शर्टाची घडी सारखी करत राहिले. बाईंचं बोट मोबाइलवर थांबलेलं.

मी आत गेले. डाळीच्या डब्यातून काकांनी आदल्या दिवशी दिलेले जेवणाचे पैसे काढले आणि काकांच्या मांडीवर ठेवले. एवढा आगाऊपणा मी जन्मात केला नव्हता.

"मोजा," मी म्हणाले.

काकांनी मोजले. "कालचं जेवण वजा केलं नाहीत."

"घरातल्या माणसाचं वजा करत नाहीत."

बाई म्हणाल्या, "आजोबा, मग किती लिहू?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चार लिहा, मॅडम."

मग ते पैसे त्यांनी सवयीनं पुन्हा मोजले. दोन हजार, पूर्ण होते.