मार्गोची पाळी

मी जुन्या बोटी विकतो. सरोवर गोठून दगड झालेलं असताना, भर जानेवारीत बोट खपवणारा माणूस सबंध डुलूथ शहरात मी एकच! तेव्हा शाळेतली एक बैठक जिंकणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं.

"लॉइड, तू फक्त कमी बोल," जोलीन म्हणाली.

"कमी बोलून बोट विकली जाते का?"

"आपल्याला बोट विकायची नाहीये!"

बैठक आमच्या मार्गोसाठी होती. मार्गो आमची मुलगी, नऊ वर्षांची. तिला सगळं कळतं, पण शब्द तोंडातून बाहेर येत नाहीत. अशा प्रत्येक मुलासाठी आमच्याकडे वर्षातून एकदा आईबाप आणि शिक्षक एका टेबलाशी बसतात आणि त्या एकट्या मुलाचा शिक्षणाचा आराखडा ठरवतात. आराखड्यात आलं ते शाळेला द्यावंच लागतं. नाही आलं, तर बसा बोंबलत.

या वर्षी आम्हाला एकच गोष्ट हवी होती. बोलका टॅबलेट. शाळेनं तो थोड्या दिवसांसाठी वापरायला दिला होता. मार्गोनं चित्रावर बोट ठेवलं की तो शब्द मोठ्यानं बोलतो. पहिल्याच संध्याकाळी ती त्याच्यावर म्हणाली, "दूध नको." जोलीन स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली. नऊ वर्षं आम्ही त्या पोरीला प्रेमानं दूध पाजत होतो!

पण शिक्षण खात्याच्या मिसेस ट्रुडेल यांना शंका होती. पोरगी नुसती गंमत म्हणून चित्रं दाबते, असं त्यांचं मत. ते खरं ठरलं, तर टॅबलेट परत जाणार होता.

"बोट विकायची तर पाण्यात उतरवून दाखवावी लागते," मी म्हणालो. "मार्गोलाच बैठकीला नेतो!"

मग मी तिच्याकडून तयारी करून घेतली. "मला शाळा आवडते." एवढं नीट दाबलं की खिशातून चीजचा एक तुकडा. पोरगी हुशार. एका आठवड्यात वाक्य तोंडपाठ, म्हणजे बोटपाठ झालं!

बैठकीला डोनट न्यायचे आणि मुलाचा फोटो टेबलाच्या मधोमध ठेवायचा, ही आमच्याकडच्या आईबापांची जुनी रीत. समोर फोटो असला की माणसं मुलाबद्दल जरा जपून बोलतात. मी दोन्ही मांडलं. टेबलाशी मिसेस ट्रुडेल, मार्गोला बोलायला शिकवणाऱ्या मिस लुंड, आम्ही दोघं आणि आमच्या मध्ये मार्गो.

मी डोळ्यानं खूण केली. मार्गोनं दाबलं, "मला शाळा आवडते."

"बघा!" मी म्हणालो.

"छान," मिसेस ट्रुडेल म्हणाल्या. "पण पढवलेलं वाक्य आम्ही धरत नाही हं. तिच्या मनातलं हवं. हे तिला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही! आपली आपणच शिकली!"

मार्गोनं माझ्याकडे पाहिलं आणि टॅबलेट खणखणीत आवाजात म्हणाला, "बाबा. खिसा. चीज."

मिस लुंडना खोकल्याची उबळ आली. मी घाईघाईनं डोनटचा खोका पुढे सरकवला. "घ्या ना, घ्या! सकाळीच आणलेत, पूर्ण डझन!"

"बाबा. गाडी. डोनट. खाल्ला."

"मार्गो!"

पण आता पोरीला रंग चढला होता. ती मिसेस ट्रुडेल यांच्याकडे वळली, पडद्यावर बराच वेळ शोधत राहिली आणि तिनं दाबलं, "बाई. कुलूप."

'ती बाई म्हणजे तिजोरीचं कुलूप आहे, कुलूप!' हे मीच जेवताना म्हटलं होतं. वाटलं, ही बाई आता उठून जाणार. आणि मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

"अहो, लक्ष देऊ नका!" मी हसत म्हणालो. "ती उगीच दाबते! तिला काय कळतंय त्यातलं!"

मिस लुंडनी डोळे मिटून घेतले. जोलीन माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी आमचं घरच विकून आलो होतो!

मिसेस ट्रुडेल यांनी पेन उचललं. "म्हणजे वडिलांच्या मतेही तिला कळत नाही. तसं लिहून घेऊ?"

मार्गोनं टॅबलेट हळूच पालथा घातला. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"नका लिहू," मी म्हणालो. "कळतं तिला. सगळं कळतं. चीज खिशात आहे. डोनट मी खाल्ला. आणि कुलूप... तेही मीच म्हणालो होतो. माफ करा."

मिसेस ट्रुडेल यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी खुर्ची मार्गोकडे वळवली. सबंध बैठकीत तिला थेट काही विचारणाऱ्या त्याच पहिल्या.

"मार्गो, तुलाही मी कुलूप वाटते का गं?"

मार्गोनं टॅबलेट सुलटा केला. तिचं बोट पडद्यावर फिरू लागलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मला राहवेना.

"तिला असं म्हणायचंय, की तुम्ही फार..."

टेबलाखालून जोलीनची लाथ बसली. त्याच क्षणी टॅबलेट म्हणाला, "बाबा. गप्प. माझी. पाळी."

मिसेस ट्रुडेल यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही शिकवलंत?"

"बाईसाहेब," मी म्हणालो, "हे मी कशाला शिकवेन?"

टॅबलेट आराखड्यात आला. पण त्याच्याखाली मिसेस ट्रुडेल यांनी एक उद्दिष्ट माझ्यासाठीही घातलं: मार्गो शब्द शोधत असताना वडिलांनी मध्ये न बोलता थांबावं. परवा वर्षाचा आढावा आला. मार्गोची सगळी उद्दिष्टं पूर्ण झाली आहेत! माझ्या नावापुढे लिहिलंय, "थोडी प्रगती आहे. पुढच्या वर्षीही चालू ठेवावे."